खोल बुडणारे देवमासे बेटांभोवती कसे ओळखतात आणि त्यांचा माग कसा काढतात

मूल तालुक्यातून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमच्याकडे ताडोबाच्या बफरमध्ये वाघ पट्ट्यांवरून ओळखतात. कॅमेरा पाणवठ्याच्या वाटेवर बांधून ठेवला की काम होतं. पण जो देवमासा तासभर पाण्याखाली राहतो आणि दोन-तीन मिनिटांसाठी वर येतो, तो नेमका कोणता हे कसं ठरवतात? हे काम बेटांभोवतीच जास्त का होतं? आणि इथे गावात राहून त्यातलं काही शिकता येईल का?"

शिकता येईल, आणि बरंच शिकता येईल. त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहिलं आहे. त्याआधी या कामाचा कणा समजून घ्या. फोटो सांगतो प्राणी कोण आहे. पाण्यातला आवाज सांगतो तो खाली कुठे होता. अंगावर बसवलेला उपग्रहाचा टॅग सांगतो तो नंतर कुठे गेला. ही तीन वेगळी यंत्रं, त्यांची तीन वेगळी घड्याळं. ती एका वेळेला बांधलेली नसतील तर प्रत्येकाकडे उत्तम माहिती असूनही ती एकमेकींना जोडता येत नाही. म्हणून बोटीवर पाय ठेवल्यावर पहिलं काम म्हणजे कॅमेऱ्याने जीपीएसच्या पडद्यावरच्या वेळेचा फोटो काढणं; संध्याकाळी परतताना तोच फोटो पुन्हा. उपग्रहाची माहिती जागतिक प्रमाणवेळेत येते आणि आपले कॅमेरे भारतीय वेळेवर लावलेले असतात. साडेपाच तासांचा हा फरक विसरल्यामुळे सकाळची बुडी रात्रीची ठरते आणि ती चूक पुढे नकाशात, तक्त्यात, निष्कर्षात झिरपत जाते. सगळी यंत्रं जागतिक वेळेवरच लावा.

आता बेटं का, ते पाहू. मुंबईसमोर समुद्राचा उथळ खंडमंच दोनशे किलोमीटरांहून जास्त रुंद आहे. हजार मीटर खोली गाठायची तर मोठं जहाज आणि कित्येक दिवस लागतात. ज्वालामुखीतून उभ्या राहिलेल्या बेटांना असा मंच जवळजवळ नसतो. हवाईचा कोना किनारा, कॅनरी बेटांमधलं एल हिएरो, अटलांटिकमधली अझोर्स बेटं, कॅरिबियनमधलं डोमिनिका, इथे किनाऱ्यापासून काही किलोमीटरांत तळ हजार मीटरखाली जातो. आपल्याकडे लक्षद्वीपच्या प्रवाळबेटांबाहेरही उतार असाच तीव्र आहे. म्हणजे लहान बोट सकाळी निघून संध्याकाळी परत येऊ शकते. दुसरं कारण वाऱ्याचं. उंच बेट व्यापारी वारे अडवतं आणि त्याच्या आडोशाला पाणी शांत राहतं. चोचवाल्या देवमाशांसाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण समुद्र बोफोर्ट मापावर (वाऱ्याचा जोर सांगणारं माप) ३ ला पोहोचला, म्हणजे लाटांचे माथे पांढरे फुटू लागले, की त्यांचा बुटका फवारा आणि लहानसा पाठपर दिसणं जवळजवळ थांबतं. २ पर्यंतच शोध घ्यायचा. ३ ला घेतलेल्या तासांची नोंद वेगळी ठेवायची, आणि ४ ला चोचवाले शोधण्यात इंधन घालवायचं नाही. त्या दिवशी आवाजाचं काम करावं.

तिसरं कारण मला सर्वांत मोलाचं वाटतं. हवाई आणि एल हिएरो इथले बरेच चोचवाले देवमासे त्याच बेटाभोवती वर्षानुवर्षं राहतात. तेच प्राणी पुन्हा पुन्हा भेटतात, म्हणून तिथल्या फोटोंच्या नोंदवहीला अर्थ येतो.

आधी जात ओळखा, मग प्राणी

खोल बुडणाऱ्यांत बेटांभोवती नेहमी भेटणारे म्हणजे स्पर्म व्हेल, क्यूव्हिएचा चोचवाला, ब्लेनव्हिलचा चोचवाला, आखूड परांचा पायलट व्हेल आणि कोगिया वंशाचे दोन बुटके स्पर्म व्हेल.

स्पर्म व्हेल लांबूनच कळतो. त्याची नाकपुडी डोक्याच्या पुढच्या टोकाला डाव्या बाजूला असते, त्यामुळे फवारा सरळ वर न जाता पुढे आणि डावीकडे कलतो. इतर कुठल्याही मोठ्या देवमाशाचा फवारा असा नसतो. खोल बुडी घेताना तो शेपूट जवळजवळ उभी वर काढतो. पायलट व्हेलचं डोकं गोल घुमटासारखं, आणि पाठपर रुंद बुडाचा, शरीराच्या मध्याच्या पुढे. कोगिया लाकडाच्या ओंडक्यासारखे निश्चल पडून राहतात आणि कमान न करता तसेच खाली जातात. अगदी सपाट पाण्याशिवाय ते दिसत नाहीत.

खरी अडचण चोचवाल्यांची. क्यूव्हिएचा सहा-सात मीटरांपर्यंत, चोच आखूड, कपाळाचा उतार हळुवार, आणि वयस्क नराचं डोकं पांढरं पडलेलं. ब्लेनव्हिलचा साडेचार मीटरांच्या आसपास, कपाळ चपटं, खालचा जबडा मध्ये कमानीसारखा उचललेला. नरात त्या कमानीवर दोन सुळे बाहेर दिसतात आणि त्यांवर बऱ्याचदा देठाचे बार्नेकल (चिकटून राहणारे कवचाचे जीव) लोंबत असतात. वर येताना ब्लेनव्हिलची चोच आधी पाण्याबाहेर येते, हे लक्षात ठेवा. पाठपर दोघांचाही लहान आणि मागे, साधारण पाठीच्या दोन तृतीयांश अंतरावर, त्यामुळे नुसता पर पाहून जात सांगू नका. डोक्याचा एक तरी फोटो हवा. तो नसेल तर 'अनोळखी चोचवाला' असं लिहून पुढे जा. ओढूनताणून जात ठरवलेली नोंद पुढच्या सगळ्या हिशोबात विष कालवते. रिकामी सोडलेली जागा कुणाचं नुकसान करत नाही.

फोटोवरून ओळख

स्पर्म व्हेलसाठी शेपटीची मागची कड पाहतात. तिच्यावरच्या खाचा, तुटलेले तुकडे, लाटेसारखे कापे प्रत्येकाचे वेगळे असतात. फोटो बरोबर मागून, शेपूट पूर्ण उघडलेली असताना. एकदा शेपूट तिरपी झाली की खाचांची खोली चुकीची दिसते.

चोचवाले शेपूट सहसा वर काढत नाहीत. त्यांची ओळख पाठपराच्या कडेवरून आणि अंगावरच्या व्रणांवरून होते. उष्ण कटिबंधात कुकीकटर नावाचा लहान शार्क त्यांच्या अंगाचा लंबगोल घास काढतो. भरून आल्यावर तिथे पांढरा डाग राहतो. नरांच्या अंगावर आपसातल्या मारामारीत सुळ्यांचे लांब पांढरे ओरखडे उमटतात. हे व्रण वर्षानुवर्षं टिकतात, आणि इथे जुळवणीचा एक पक्का नियम मिळतो: व्रण वाढत जातात, पुसले सहसा जात नाहीत. म्हणून नव्या फोटोत जुन्यापेक्षा जास्त डाग असतील तर तो तोच प्राणी असू शकतो. पण जुन्या फोटोतला पूर्ण भरलेला पांढरा डाग नव्या, तितक्याच स्वच्छ फोटोत नसेल तर तो दुसरा आहे असं धरा. ताजी गुलाबी जखम जुळवणीला घेऊ नका, तिचा आकार बदलतो. अंगाचा तपकिरी-तांबूस रंगही घेऊ नका, तो बराचसा डायटम शेवाळाच्या थरामुळे येतो आणि जातो.

तुमच्याकडे वाघाचे दोन्ही बाजूंचे फोटो लागतात, कारण डावे-उजवे पट्टे वेगळे. इथेही तसंच आहे. डाव्या बाजूची नोंदवही आणि उजव्या बाजूची नोंदवही वेगळी धरावी लागते, जोपर्यंत एकाच भेटीत दोन्ही बाजू मिळत नाहीत. म्हणून प्राणी एका बाजूने मिळाले की घाई न करता पुढच्या वर येण्याची वाट पाहून दुसरी बाजू घ्यायची.

कॅमेऱ्याला १०० ते ४०० मिलिमीटरची झूम भिंग पुरते. शटर १/१००० सेकंदापेक्षा मंद नको, १/२००० असेल तर उत्तम. भिंगाचं छिद्र एफ ८ च्या आसपास, आयएसओ प्रकाशाप्रमाणे ४०० ते १६००. सूर्य पाठीशी, बोट प्राण्याला समांतर. सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे ठळक खुणांच्या प्राण्याचेच फोटो काढत राहणं. गटातल्या प्रत्येकाचे, बिनखुणांच्या पिल्लाचेसुद्धा, सारखेच फोटो काढा. बिनखुणांचे किती, हे कळल्याशिवाय संख्येचा अंदाज निघत नाही.

हिशोब असा. समजा पहिल्या हंगामात खुणांवरून ४० प्राणी ओळखले. दुसऱ्या हंगामात ३० ओळखले, त्यातले १२ आधीचे. तर (४० + १) गुणिले (३० + १), भागिले (१२ + १), वजा १, म्हणजे सुमारे ९७ खुणांचे प्राणी. चांगल्या फोटोंत खुणांचे प्राणी ७० टक्के असतील तर एकूण ९७ भागिले ०.७, साधारण १३८. हे सूत्र बंद संख्येचं आहे, जन्म-मृत्यू आणि येणं-जाणं त्यात नाही, म्हणून लांबच्या काळासाठी वेगळी प्रतिमानं वापरतात. आणि अंधुक फोटो मोजणीत घेतला तर जुना प्राणी ओळखू येत नाही, नवा ठरतो, संख्या फुगते. फोटोचा दर्जा आधी ठरवा, मग जुळवा, आणि दर्जा ठरवताना प्राणी कोण आहे हे पाहू नका.

पाण्याखाली ऐकणं

स्पर्म व्हेल खाली असताना जवळजवळ सतत टकटक करतो, दर अर्ध्या ते एका सेकंदाला एक क्लिक. हा आवाज कानाने ऐकू येतो आणि चांगल्या हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्याखालच्या माइकवर, कित्येक किलोमीटरांवरून मिळतो. रीत सरळ आहे: ठरावीक वेळाने इंजिन बंद करून दिशा दाखवणारा हायड्रोफोन खाली सोडायचा, सर्वांत जोरदार दिशा घ्यायची, त्या बाजूला जाऊन पुन्हा ऐकायचं. बुडी साधारण ४० ते ५० मिनिटांची, खोली बहुधा ४०० ते १२०० मीटर. क्लिक थांबले की काही मिनिटांत प्राणी वर येतो. मग पृष्ठभागावर आठ-दहा मिनिटं श्वास. तेवढ्यात मागून, तिरपं, हळू जवळ जायचं आणि शेपूट उचलण्याची वाट पाहायची. तो गेल्यावर पाण्यावर गुळगुळीत चकती राहते. तिथे बोट नेऊन जाळीने सुटलेल्या कातडीचे तुकडे गोळा करतात. त्यातून डीएनए मिळतं आणि प्राण्याला सुईही लागत नाही.

क्लिकमधून लांबीही कळते. स्पर्म व्हेलचा एक क्लिक म्हणजे डोक्याच्या आत पुढे-मागे परावर्तित झालेल्या ठोक्यांची माळ असते. दोन ठोक्यांमधलं अंतर डोक्याच्या लांबीवर ठरतं. ३ मिलिसेकंद अंतर म्हणजे सुमारे ९ मीटरांचा प्राणी, ५ मिलिसेकंद म्हणजे सुमारे १२ मीटरांचा. पण हे अंतर बरोबर समोरून किंवा मागून आलेल्या क्लिकमध्येच स्वच्छ दिसतं. एका क्लिकवर विसंबू नका, एकाच बुडीतले पुष्कळ क्लिक सरासरीत घ्या. पृष्ठभागाजवळ मादी-पिल्लांचे गट ठरावीक लयीच्या 'कोडा' काढतात. डोमिनिकाभोवतीच्या गटांत १+१+३ ही लय प्रसिद्ध आहे. कोडावरून कुळ कळतं, एकटा प्राणी ओळखायला फोटोच लागतो.

खोली काढायची असेल तर प्रतिध्वनी वापरा. क्लिक थेट येतो आणि थोड्या वेळाने समुद्राच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन येतो. हायड्रोफोन १०० मीटर खाली, प्राणी २ किलोमीटर दूर, आणि दोन आवाजांत ५३ मिलिसेकंद फरक असेल तर प्राणी साधारण ८०० मीटर खोल आहे. सूत्र: वेळेतला फरक म्हणजे २ गुणिले हायड्रोफोनची खोली गुणिले प्राण्याची खोली, भागिले (आवाजाचा वेग गुणिले अंतर). वेग सेकंदाला १५०० मीटर धरा.

चोचवाल्यांसाठी हे सगळं अवघड होतं. त्यांचे क्लिक ३० ते ५० किलोहर्ट्झच्या आसपास, माणसाला ऐकू येत नाहीत. आवाजाचा झोत अरुंद, डोकं तुमच्याकडे वळलं तरच मिळणारा. पल्ला बहुतेक वेळा एक-दोन किलोमीटर, फार तर चार. ४०० मीटरांहून खोल गेल्यावरच ते बोलू लागतात, वर येताना गप्प असतात. एल हिएरोच्या कामातून २०२० साली प्रसिद्ध झालेली एक गोष्ट माग काढणाऱ्याने पाठच करावी: गट एकत्र बुडतो, एकत्र शिकार करतो आणि गप्प राहून तिरपा वर येतो. शेवटच्या आवाजाच्या जागेपासून सरासरी सुमारे एक किलोमीटर दूर, कुठल्याही दिशेला. किलर व्हेलपासून लपण्याची ही रीत आहे. त्यामुळे स्पर्म व्हेलची सवय लागलेली माणसं शेवटच्या क्लिकच्या जागी जाऊन थांबतात आणि हात हलवत परततात. चोचवाल्यांसाठी त्या जागेपासून एक-दीड किलोमीटरच्या वर्तुळात, इंजिन बंद ठेवून, चारही दिशा वाटून घेऊन पाहायचं.

त्यांचं वेळापत्रकही मदत करतं. क्यूव्हिएचा शिकारीची बुडी सरासरी तासाभराची घेतो, ब्लेनव्हिलचा पाऊण तासाची. दोन खोल बुड्यांच्या मध्ये एक ते दीड तास लहान, उथळ बुड्या आणि अधूनमधून दोन-चार मिनिटं वर. पहिल्यांदा दिसले की लगेच जागा सोडू नका, दीड तास तिथेच थांबा. टोकाच्या बुड्या मात्र हिशोबाबाहेर जातात: क्यूव्हिएच्या देवमाशाची २,९९२ मीटर खोलीची नोंद २०१४ साली प्रसिद्ध झाली, आणि २२२ मिनिटांची बुडी २०२० साली.

नमुना-दर, म्हणजे रेकॉर्डर सेकंदाला किती वेळा आवाज मोजतो तो आकडा, चुकला तर सगळं ध्वनिमुद्रण वाया जातं. फोनसारख्या ४४.१ किलोहर्ट्झवर चोचवाला सापडणारच नाही. १९२ किलोहर्ट्झ ठेवा. एका वाहिनीला १६ बिटवर दिवसाला ३३ गीगाबाइट लागतात, तेवढी कार्डं सोबत हवीत. कोगिया मात्र १२० किलोहर्ट्झच्या वर बोलतात, १९२ वरही ते निसटतात. त्यांच्यासाठी ३८४.

टॅग

टॅग दोन प्रकारचे. चोषक पेल्यांनी चिकटणारा, लांब काठीने लावलेला टॅग काही तास ते एखादा दिवस टिकतो आणि आवाज, खोली, हालचाल सगळं नोंदवतो. तो सुटून तरंगतो, रेडिओवर शोधून आणावा लागतो, नाही आणला तर सगळं गेलं. उपग्रहाचा टॅग पाठपराला लहान बाणांनी बसतो, आठवडे-महिने राहतो, पण थोडीच माहिती पाठवतो. अँटेना पाण्याबाहेर असतानाच तो संदेश पाठवू शकतो. शिवाय हे संदेश घेणाऱ्या आर्गोस प्रणालीचे उपग्रह ध्रुवांवरून फिरतात, विषुववृत्ताजवळ ते कमी वेळा डोक्यावर येतात. तासभर खाली राहणारा प्राणी आणि लक्षद्वीपसारखं अक्षांश, म्हणजे दिवसाकाठी मोजकीच ठिकाणं मिळणार. प्रत्येक ठिकाणाला दर्जा असतो: ३ म्हणजे चूक २५० मीटरांच्या आत, १ म्हणजे ५०० ते १५०० मीटर, ० म्हणजे त्याहून जास्त. तीव्र उताराच्या बेटाजवळ दीड किलोमीटरची चूक म्हणजे ३०० मीटर खोली आणि १००० मीटर खोली यांतला फरक. म्हणून चुकीची ठिकाणं गाळून काढल्याशिवाय त्यावरून खोली वाचू नका.

माझं मत स्पष्ट आहे: टॅग लावण्याआधी त्या प्राण्याचा फोटो नोंदवहीत असावा, आणि नंतरच्या वर्षांत त्याचा फोटो पुन्हा मिळवून जखम कशी भरली ते पाहावं. भारतात देवमासे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. टॅग किंवा नमुन्यासाठी सरकारी परवानगी लागते. लक्षद्वीपला जाण्यासाठी प्रवेश-परवाना वेगळा.

हे सगळं कशासाठी, तर एका उदाहरणावरून कळेल. कॅनरी बेटांवर २००२ साली नौदल सरावाच्या वेळी चोचवाले देवमासे मोठ्या संख्येने किनाऱ्याला लागून मेले. २००४ पासून तिथे नौदलाच्या सोनारवर बंदी आहे, आणि तशी सामूहिक घटना पुढच्या वर्षांत झाली नाही. कोणते प्राणी कुठे राहतात हे माहीत असेल तरच अशी मागणी करता येते.

मूल तालुक्यात बसून काय करता येईल

अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेचा वॉटकिन्स ध्वनिसंग्रह इंटरनेटवर मोफत आहे. त्यातले स्पर्म व्हेलचे क्लिक ऑडॅसिटी किंवा रेव्हन लाइट या ध्वनी-सॉफ्टवेअरमध्ये उघडा, दोन क्लिकमधलं अंतर हाताने मोजा. पुढे पॅमगार्ड हे पाण्यातले प्राण्यांचे आवाज शोधणारं मोफत सॉफ्टवेअर शिका. जगभर हेच वापरतात. आठ गीगाबाइट मेमरीचा लॅपटॉप पुरतो. १९२ किलोहर्ट्झची फाइल दहापट मंद वाजवली की ४० किलोहर्ट्झचा क्लिक ४ किलोहर्ट्झवर येतो आणि ऐकू येतो.

रात्री गावातल्या दिव्याखाली किडे टिपणारी वटवाघळं ही तुमची उत्तम शाळा आहे. ऑडिओमॉथसारखा लहान रेकॉर्डर २५० किलोहर्ट्झवर लावा. किडा जवळ आला की आवाजांमधलं अंतर घटत जाऊन शेवटी सलग गुणगुण होते. चोचवाला माखली पकडतानाही हेच होतं: ०.३-०.४ सेकंदांचे क्लिक अचानक सेकंदाला दोनशेच्या वर जातात. ही गुणगुण आलेखात ओळखायची नजर तयार झाली की अर्धं काम झालं.

दिशा काढायचा सराव मालगुजारी तलावावर होतो. २७ मिलिमीटरच्या दोन पिझो चकत्या (आवाजाच्या दाबाने वीज देणाऱ्या), शील्डेड वायर, दोन्ही बाजूंनी इपॉक्सीचा लेप, दोन दिवस सुकू द्या. त्या बांबूला बरोबर ३ मीटर अंतरावर बांधून ढिवरांच्या डोंग्यावरून पाण्यात सोडा. मदतनिसाने दूर, मोजलेल्या जागी, पाण्याखाली दोन दगड आपटायचे. लॅपटॉपचं माइकचं छिद्र बहुधा एकाच वाहिनीचं असतं, म्हणून दोन वाहिन्यांचं यूएसबी ध्वनियंत्र घ्या. दोन वेगळे रेकॉर्डर चालणार नाहीत, त्यांची घड्याळं मिलिसेकंदाइतकी जुळत नाहीत. कोनाचा कोसाइन म्हणजे वेळेतला फरक गुणिले १५००, भागिले ३. फरक १ मिलिसेकंद, म्हणजे ९६ किलोहर्ट्झवर ९६ नमुने, आला तर कोन ६० अंश. आवाज बांबूच्या डावीकडून आला की उजवीकडून, हे यातून कळत नाही. डोंगा २०-३० अंश वळवून पुन्हा आपटायला सांगा, खरी बाजू सुटून येते. विहिरीत हा प्रयोग करू नका, भिंतींचे प्रतिध्वनी पहिल्या ठोक्यावर चढतात. आणि दगड बांबूच्या टोकाच्या दिशेने आपटला तर अंतर मोजण्यातली १० सेंटिमीटरची चूकसुद्धा कोन दहा-पंधरा अंशांनी हलवते, काटकोनात ती जाणवतही नाही. समुद्रातही म्हणूनच ओढलेल्या हायड्रोफोनवर प्राणी बोटीच्या बाजूला, काटकोनात येईपर्यंत थांबतात आणि तेव्हाचा कोन नोंदवहीत घेतात.